घंटेच्या हांकेवरचें गांव

चैत्र महिना लागला म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील देवळ्याच्या वाटेनें, खानदेशांतून निघालेले यात्रेकरू सप्तशृंगगडाकडे पायीं जातांना दिसतात. त्यांची भक्ति कोणती, हें कोणाला विचारावें लागत नाहीं. ती रस्त्यावरून सर्वांच्या देखत चालत असते. याच जिल्ह्यांत फेब्रुवारी महिन्यांत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, आणि सप्टेंबरांत शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीरामपूरजवळच्या हरेगांवीं, मतमाउलीची. तेथेंही पायीं येणारे आहेत, नवस फेडणारे आहेत, आणि मेणबत्ती लावणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारीत नाहीं.

‘मतमाउली’ हा शब्द प्रथम ऐकणारा क्षणभर थबकतो. मुंबईस वांद्र्याच्या टेकडीवर पवित्र मरियेचें एक प्रसिद्ध मंदिर आहे. ‘डोंगरावरची मरिया’ अशा अर्थाचें तिचें परकी नांव कोळ्यांच्या तोंडीं ‘मोतमाउली’ झालें, आणि घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यांत येईपर्यंत त्या मोतमाउलीची मतमाउली झाली. नांवांतला डोंगर वाटेंत कोठें तरी गळून पडला; माउली मात्र राहिली. ज्या शब्दानें वारकरी ज्ञानोबांना हांक मारतात, त्याच शब्दानें ऊंसतोडीवरची ख्रिस्ती बाई मरियेला हांक मारते. पंडितांनीं हें भाषांतर करावयाचें ठरविलें असतें तर त्यांना तें इतकें साधलें असतें कीं नाहीं, याची शंका वाटते.

परंतु यात्रा ही वर्षांतून एकदां येते. उरलेल्या दिवसांत ही भक्ति कोठें राहते, काय खाते, कोणाच्या अडीअडचणीला धांवते, हें पाहावयाचें असेल तर यात्रेचा मांडव सोडून धर्मग्रामांत शिरलें पाहिजे. देवळा ज्या नाशिक धर्मप्रांतांत मोडतें, तो धर्मप्रांत १९८७ सालीं पुणें धर्मप्रांतांतून वेगळा झाला. घाटावरचे हे धर्मग्राम इतिहासाच्या मानानें तरुण आहेत. जुन्या धर्मग्रामाची परीक्षा पाहावयाची तर घाट उतरून समुद्रकांठीं वसईला जावें लागतें. तेथें ही संस्था चारशें वर्षांहून अधिक काळ मराठी लोकांमध्यें नांदत आहे, आणि एकदां तर तिचा राजाश्रय समूळ तुटूनही ती मोडली नाहीं. ती कां मोडली नाहीं, हाच येथें विचारण्याचा प्रश्न आहे.

कॅथॉलिक व्यवस्थेंत बिशपांच्या अधिकाराखालील मुलूख तो धर्मप्रांत, आणि एका मंदिराभोंवतीं जमलेल्या वस्त्यांचा तो धर्मग्राम. नकाशावर त्याच्या सीमा आंखलेल्या असतात खऱ्या. पण जुन्या लोकांच्या लेखीं त्याची सीमा निराळीच असे. मंदिराची घंटा जेथवर ऐकूं येते तेथवर आपलें गांव. या घंटेला भाषा आहे. पहांटेची वेगळी, दुपारची वेगळी, तिन्हीसांजेची वेगळी. गांवांतलें माणूस गेलें कीं ती थांबत थांबत, जड वाजते, आणि वाडींत काम करणारा शेतकरी टोपी काढून उभा राहतो. कोण गेलें हें त्याला मागाहून कळतें.

प्रत्येक धर्मग्रामांत तीन वह्या ठेवलेल्या असतात. बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मृत्यूची. १५६३ सालीं युरोपांत त्रेंत येथील धर्मसभेनें ठरवून दिलें कीं लग्न हें धर्मगुरूंच्या व साक्षीदारांच्या समक्षच लागावें, त्यापूर्वीं तें मंदिरांत तीन वेळां पुकारावें आणि त्याची नोंद वहींत करावी. कोठल्या आल्प्स पर्वताच्या पायथ्याची ती सभा, आणि कोठें वसईच्या केळीच्या वाडींतलें लग्न! पण त्या नियमानें येथल्या शेतकऱ्याच्या मुलीला एक कागदी आधार मिळाला. लग्न झालेंच नाहीं असें म्हणण्याची सोय कोणाला उरली नाहीं. जमीनदाराच्या दप्तरांत ज्याचें नांव केवळ कूळ म्हणून येई, त्याचें या वहींत आईबापांसह येई.

इतिहास थोडक्यांत असा. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या तलवारीमागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा पंथांचे पाद्री आले. धर्मांतरें झालीं, कांहीं उपदेशानें, कांहीं लाभासाठीं, कांहीं दडपणानें. देवळें पाडलीं गेलीं, हेंही खरें आहे आणि तें झांकण्यांत कोणाचेंच हित नाहीं. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा निरनिराळ्या ज्ञातींतील लोक ख्रिस्ती झाले. पण शेत, बोली, लुगडें आणि शेजार बदलले नाहींत. पापडी, नंदाखाल, सांडोर, आगाशी, रमेदी, माणिकपूर अशा ठिकाणीं मंदिरें उठलीं. वसईच्याच एका मातेचा पुत्र गोन्सालो गार्सिया हा जपानांत गेला, तेथें फ्रान्सिस्कन बंधु म्हणून सेवा करूं लागला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस क्रूसावर मारला गेला. १८६२ सालीं रोमनें त्याला संतपद दिलें. आजही वसईकर त्याचें नांव घरच्या माणसासारखें घेतात.

मग १७३९ चा मे महिना आला. चिमाजीआप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला, आणि दोनशें पांच वर्षांची फिरंगी सत्ता संपली. शरणागतीच्या कलमांत, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळतां यावा अशी तजवीज होती. परंतु पाद्र्यांचे पंथ निघून गेले, किल्ल्यांतल्या मोठमोठ्या मंदिरांचीं छपरें कोसळलीं, त्यांच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले. आतां या धर्माचें येथें काय होणार, असें त्या वेळीं विचारलें असतें तर बहुतेकांनीं सांगितलें असतें कीं राजाबरोबर आलेला धर्म राजाबरोबर जाईल. कांहीं कुटुंबें परत हिंदु समाजांत गेलींही. पण बहुसंख्य राहिलीं. त्यांना धरून ठेवणारा सरदार नव्हता, कीं शिक्षेची भीति घालणारा न्यायाधीश नव्हता. गोव्याकडून येणारे देशी धर्मगुरु मोजके. एकेकाकडे कितीएक गांवें. आठवड्याचे सहा दिवस धर्म चालवावयाचा तो घरच्या माणसांनीं.

आणि तो त्यांनीं चालविला. तिन्हीसांजेला घंटा झाली कीं घरांतलीं सारीं माणसें भिंतीवरच्या क्रूसापुढें गुडघे टेकीत. जपमाळ बहुधा आजी सांगे. पन्नास वेळां तीच प्रार्थना, मध्यें मध्यें येशूच्या जीवनांतल्या एकेका प्रसंगाचें स्मरण. लहान मुलें पेंगत, एखादें लुगड्याच्या ओच्यावर डोकें ठेवून निजूनही जाई. तरी मालेचा एक मणीही चुकत नसे. शेवटीं मुलांनीं वडील माणसांपुढें हात जोडून आशीर्वाद मागावयाचा, आणि मगच पानावर बसावयाचें. ही शाळा फी घेत नव्हती व परीक्षाही घेत नव्हती; पण तींत शिकलेलें कोणी विसरलें नाहीं.

कोणत्या शब्दांत ही प्रार्थना व्हावयाची, हा प्रश्न मात्र सरळ नव्हता. मंदिरांतला मिस्साविधि लॅटिनमध्यें. धर्मगुरु वेदीकडे तोंड करून तो पुटपुटत, आणि मागें बसलेल्या बाया आपली माळ ओढीत बसत. कांहीं प्रार्थना पोर्तुगीज, त्याही बोलीच्या सांच्यांत दाबून बसविलेल्या. वस्तुतः याहून निराळी वाट फार पूर्वींच दिसली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत आला. साष्टीच्या गांवांतून हिंडतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं येथल्या माणसाचें कान ओवीला सरावलेले आहेत. म्हणून त्यानें आदामापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सुमारें अकरा हजार ओव्यांत मराठींत लिहिली. हें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोलला छापलें. नागरी खिळ्यांच्या अभावीं रोमन लिपींत. पुराणाच्या आरंभींच या परदेशी माणसानें मराठीची जी स्तुति केली आहे, ती कोणत्याही मराठी माणसाला क्षणभर लाजवील. रविवारीं आणि सणाच्या दिवशीं मंदिरांतून हें पुराण वाचलें जाई. आणि याच गोव्यांत १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावें! एका हातानें दिवा लावावयाचा आणि दुसऱ्यानें विझवावयाचा, असा हा कारभार. वसईवरची पोर्तुगीज सत्ता १७३९ त गेली, तिच्याबरोबर असल्या हुकमांचें भयही गेलें. आपलें राज्य गेलें म्हणून जे वसईचे पाद्री हळहळले, त्यांना हा लाभ दिसणें शक्य नव्हतें.

पुढें मिस्सा मराठींत होण्यास मात्र आणखी सव्वादोनशें वर्षें जावीं लागलीं. रोममध्यें भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा ठराव मान्य केला आणि देशभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. धर्मगुरु लोकांकडे वळून उभे राहिले. ज्या बाईनें साठ वर्षें ऐकून ऐकून लॅटिन शब्द पाठ केले होते, तिला आतां प्रथमच कळलें कीं आपण इतकीं वर्षें ‘आमेन’ कशाकशाला म्हणत आलों. सगळ्यांना हें आवडलें असें नव्हे. जुनें, न कळणारें, म्हणूनच अधिक पवित्र वाटणारें लॅटिन गेल्याची हळहळ कांहीं वृद्धांना अखेरपर्यंत होती. तिची थट्टा करूं नये. पण त्या बदलामुळें मराठी गीतें लिहिलीं जाऊं लागलीं, त्यांना चाली लागल्या, पेटी-तबला मंदिरांत आला, आणि वाचनाला उभा राहणारा शेतकऱ्याचा मुलगा ‘ळ’ आणि ‘ल’ नीट उच्चारूं लागला.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. धर्मग्रामाची भक्ति केवळ गुडघ्यांवर उभी नसते. तिला शेताची माती लागते. भाताचें पीक तयार झालें कीं ऑक्टोबरांत ‘आगेरा’ हा सण येतो. शेतांतून कापलेल्या नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत मंदिरांत आणतात, धर्मगुरु त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग त्या घरोघर जातात. घाटावरचा शेतकरी दसऱ्याला जें करतो त्याचें हें भावंड. कार्तिकांत निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीची जत्रा भरते, तेव्हां वसईच्या केळ्यांची वाळविलेली गोड सुकेळीं घेऊन ख्रिस्ती बायाही तेथें विकावयास बसतात. एकाची यात्रा ही दुसऱ्याची बाजारपेठ, यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. लाल लुगडें नेसलेली सामवेदी ख्रिस्ती बाई टोपली पुढें घेऊन बसली म्हणजे तिच्या गळ्यांतला क्रूस पाहिल्यावांचून तिचा धर्म कोणाला ओळखूं येत नाहीं.

याच मातीचा दुसरा, कडू भाग म्हणजे कर्ज. वाडी हिरवी दिसते. पण पानवेल करपली, विहीर आटली, कीं वाडीवाल्याला सावकाराचें दार दिसूं लागतें. प्रार्थना करणाऱ्या माणसाची जमीन गहाण पडलेली असेल तर धर्मगुरूनें काय करावें? केवळ धीर द्यावा, असें सांगणारे पुष्कळ सांपडतात. धर्मगुरु पी. जे. मोनीस यांनीं १९१८ सालीं निराळें उत्तर दिलें. त्यांच्या पुढाकारानें वसईंत कॅथॉलिक लोकांची सहकारी पतपेढी निघाली. ज्या लोकांना एकमेकांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा माहीत, त्यांना एकमेकांची पत माहीत नसणार कशी? जामीन राहणारा आणि कर्ज घेणारा दोघेही रविवारीं एकाच बांकावर बसत. बुडविण्याची लाज हीच मोठी तारण होती. पापडीच्या त्या लहान पेढीची पुढें बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली, आणि ती शंभरी ओलांडूनही चालू आहे. तिच्या हिशेबाच्या वहीला चौथी धर्मवही म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

जमिनीवरचें दुसरें संकट सावकारापेक्षां मोठें निघालें. १९८८ च्या सुमारास वसईचा हिरवा पट्टा इमारतींसाठीं मोकळा होऊं लागला. वाड्यांतल्या विहिरींचें पाणी टँकर भरून नव्या वसाहतींकडे जाऊं लागलें, आणि धाकदपटशानें जमिनी लिहून घेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. त्या वेळीं ‘हरित वसई संरक्षण समिति’ उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागीं नंदाखालचेच एक पुत्र, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. धर्मगुरूनें मोर्चांत कशाला जावें, असें विचारणारे तेव्हांही होते. पण आगेऱ्याला आणावयास भाताची लोंबीच शिल्लक नसेल तर आशीर्वाद द्यावयाचा कशाला, हा प्रश्न त्या टीकाकारांना सुचला नाहीं. या लढ्यांत हिंदु व ख्रिस्ती शेतकरी एकत्र चालले. लढा सर्वस्वीं जिंकला गेला असें म्हणतां येत नाहीं; आगगाडीच्या पूर्वेकडे आतां वाडी शोधूनही सांपडत नाहीं. पश्चिमेकडे मात्र केळीचे, फुलांचे आणि भाजीचे तुकडे अजून टिकून आहेत.

हेच फादर दिब्रिटो पुढें संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याच्या कामाला बसले. त्यांच्या ‘सुबोध बायबला’ला अनुवादाचें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालें, आणि जानेवारी १९२० नव्हे, तर थेट २०२० सालीं, उस्मानाबादेस (आतांच्या धाराशिवास) भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या मानाला इतका उशीर कां लागला, हें मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं एकदां स्वतःला विचारावें. त्यांच्या निवडीला कांहीं ठिकाणांहून विरोध झाला. प्रकृति ठीक नसतांनाही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. वसईचा धर्मप्रांत १९९८ सालीं मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हां त्याचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांनींही आपला प्रबंध लिहिला होता तो तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. ओवी वापरणारा स्टीफन्स आणि अभंग अभ्यासणारे हे वसईकर यांच्यामध्यें चार शतकें आहेत. पण वाट एकच आहे.

इतकें सर्व झाल्यावर आज धर्मग्रामापुढें प्रश्न येऊन उभा राहिला आहे, तो पुन्हां भाषेचाच. आणि या वेळीं हुकूम काढणारा व्हाइसरॉय कोणी नाहीं. नोकरीसाठीं, मुंबईसाठीं, परदेशासाठीं मुलांना इंग्रजी शाळेंत घालणें आईबापांना भाग वाटतें, आणि त्यांना दोष देणें सोपें असलें तरी योग्य नाहीं. मुलगा इंग्रजींत शिकला कीं त्याची प्रार्थनाही इंग्रजींत होते. मग मंदिरांत त्याच्यासाठीं इंग्रजी मिस्साची निराळी वेळ ठेवावी लागते. एकाच घरांतलीं माणसें एकाच मंदिरांत दोन वेळांना जातात. कादोडी बोलींत बोलणारी आजी आणि इंग्रजींत पाठ करणारा नातू यांच्यामध्यें कोणतें पुराण पूल बांधणार, याचें उत्तर अजून कोणाजवळ नाहीं. कांहीं तरुण मंडळी कादोडींत गाणीं रचतात, जुन्या म्हणी गोळा करतात, सणाला लाल लुगडें नेसतात. यांत हौसेचा भाग किती आणि गरजेचा किती, तें काळच ठरवील.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, गांवाच्या वाटेवरील क्रूसाला फुलांच्या माळा घालून आळींतलीं माणसें प्रार्थनेला जमतात. मेणबत्त्या वाऱ्यानें विझतात, त्या पुन्हां लावाव्या लागतात. म्हातारी बाई मराठींत प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते. दुसरा अर्धा भाग सर्वांनीं म्हणावयाचा असतो. मोठीं माणसें तो मराठींत म्हणतात; मागच्या रांगेंतलें एखादें पोर सवयीनें इंग्रजींत सुरू करतें, आजूबाजूला पाहतें, आणि शेवटचे चार शब्द धरून मराठींत येतें. म्हातारी तिकडे वळून पाहत नाहीं. ती बोटांतला मणी पुढें सरकविते आणि पुढची प्रार्थना सुरू करते.